स्टँडर्ड लायब्ररीत जेनेरिक ग्राफ अल्गोरिदम कसे आणावेत: गो भाषेच्या आधारे सविस्तर मार्गदर्शन

गो भाषेचा कंपायलर आणि त्यासोबतची साधने यांचा सोर्स कोड वाचू लागले, की ग्राफवरचे (म्हणजे नोड आणि त्यांना जोडणाऱ्या एज यांच्या जाळ्यावरचे) तेच ते काम निरनिराळ्या ठिकाणी नव्याने लिहिलेले आढळते. कोणते फंक्शन कोणाला कॉल करते याचा ग्राफ घेऊन परस्परांवर अवलंबून असलेल्या फंक्शनांचे गट पाडण्यासाठी कंपायलरमध्ये टार्जनचा अल्गोरिदम आहे. तसलेच गट पाडण्यासाठी एक्स/टूल्समधील (गोच्या पूरक साधनांच्या संग्रहातील) डायग्राफ या कमांडमध्ये कोसाराजूची पद्धत स्वतंत्रपणे लिहिलेली आहे. पॅकेज पातळीवरील व्हेरिएबल्सना कोणत्या क्रमाने मूल्ये द्यायची हे ठरवण्यासाठी टाइप-चेकर आपला वेगळा ग्राफ बांधतो. डॉमिनेटर ट्री (एखाद्या नोडपर्यंत पोहोचताना कोणते नोड टाळताच येत नाहीत हे दाखवणारी रचना) काढण्याचा लेंगावर आणि टार्जन यांचा अल्गोरिदम कंपायलरच्या एसएसए (प्रत्येक व्हेरिएबलला एकदाच मूल्य मिळते असे कोडचे मधले रूप) विभागात एकदा आणि एक्स/टूल्सच्या एसएसए पॅकेजात पुन्हा एकदा येतो. याखेरीज इंटर्नल/डॅग नावाचे एक छोटे पॅकेज आहे, ज्यात ग्राफ उलटा करणे, टोपोलॉजिकल क्रम (एजच्या दिशेला धरून नोडांची एक ओळ) लावणे आणि अनावश्यक एज काढून टाकणे या सोयी आहेत. परंतु ते इंटर्नल असल्यामुळे बाहेरच्या प्रोग्रामरला वापरता येत नाही.

हे सगळे लिहिणारे लोक कुशल आहेत, तरीही त्यांना सामायिक पॅकेज वापरता आले नाही, याचे कारण बराच काळ भाषेतच होते. टाइप पॅरामीटर, म्हणजे एकच कोड अनेक टाइपांसाठी लिहिण्याची (जेनेरिक) सोय, गोमध्ये मार्च २०२२ मध्ये, १.१८ या आवृत्तीत आले. स्लायसेस आणि मॅप्स ही जेनेरिक पॅकेजे ऑगस्ट २०२३ मध्ये १.२१ सोबत स्टँडर्ड लायब्ररीत दाखल झाली. फंक्शनवर रेंज लूप चालवण्याची सोय, म्हणजेच आजचे इटरेटर (मूल्ये एकामागून एक देणारी फंक्शने), ऑगस्ट २०२४ च्या १.२३ मध्ये मिळाले. ग्राफचे अल्गोरिदम एकदाच लिहून कोणत्याही टाइपसाठी वापरता यावेत यासाठी लागणारी भाषिक सामग्री आता पुरेशी आहे. असे पॅकेज प्रत्यक्षात कसे रचावे, कशाला नकार द्यावा आणि ते प्रस्तावाच्या प्रक्रियेतून कसे न्यावे, हे पुढे क्रमाने मांडले आहे.

वाचकांसाठी एक व्यावहारिक सूचना: या लेखात सर्व नावे देवनागरीत लिहिली आहेत, पण गोच्या आयडेंटिफायरमध्ये केवळ अक्षरे, अंक आणि अंडरस्कोअर चालतात, काना, मात्रा, वेलांटी यांसारखी जोडचिन्हे चालत नाहीत. त्यामुळे प्रत्यक्ष कोड लिहिताना नावे रोमन लिपीतच द्यावी लागतील.

पायरी १: गरज पुराव्यानिशी मांडा

स्टँडर्ड लायब्ररीत एखादी गोष्ट शिरली की ती बाहेर काढता येत नाही. गोने २०१२ मध्ये १.० प्रसिद्ध करताना जुना कोड पुढील आवृत्त्यांवर कंपाइल होत राहील असे सुसंगततेचे वचन दिले आहे, आणि त्या वचनामुळे चुकीचे ठरलेले फंक्शनही कायम सांभाळावे लागते. म्हणून "ग्राफ महत्त्वाचे असतात" हे कारण पुरेसे होत नाही. वर दिल्याप्रमाणे प्रत्यक्ष प्रतींची यादी करावी आणि प्रत्येक प्रतीपुढे तीन गोष्टी लिहाव्यात: तिथे नोड कोणत्या टाइपचा आहे, पुढचे नोड कसे मिळतात, आणि उत्तर कोणत्या रूपात हवे आहे.

ही यादी करण्याचा मोठा फायदा असा, की तीच पुढे डिझाइनची कसोटी बनते. कंपायलरमध्ये नोड म्हणजे फंक्शनकडे जाणारा पॉइंटर असतो. डायग्राफ कमांडमध्ये नोड म्हणजे साधी स्ट्रिंग असते. इंटर्नल/डॅगमध्येही स्ट्रिंगच असते. एज बहुतेक ठिकाणी वेगळ्या टाइपची नसतेच, ती केवळ "या नोडपासून त्या नोडपर्यंत" एवढीच माहिती असते. वजन असलेल्या एज या यादीत जवळजवळ दिसत नाहीत. ही बाब लक्षात ठेवावी, कारण पाठ्यपुस्तकात शिकलेला ग्राफ आणि रोजच्या कोडमधला ग्राफ यांतले अंतर इथेच कळते.

इतर भाषांचा अनुभवही इथे मांडावा. सी++ च्या १९९८ च्या स्टँडर्डमध्ये कंटेनर आणि अल्गोरिदम आले, पण ग्राफ आले नाहीत. बूस्ट ग्राफ लायब्ररीने ती उणीव बाहेरून भरून काढली, आणि सी++ च्या स्टँडर्डमध्ये ग्राफ आणण्याचा पी१७०९ हा प्रस्ताव २०१९ मध्ये मांडला गेला. सी++२३ मध्ये मात्र ग्राफ नाहीत. रस्टमध्ये हे काम पेटग्राफ या बाहेरच्या क्रेटकडे (पॅकेजाकडे) आहे. याउलट पायथनने ऑक्टोबर २०२० मध्ये ३.९ सोबत ग्राफलिब हे मॉड्यूल आणले, आणि त्यात टोपोलॉजिकल क्रम लावणारा एकच क्लास ठेवला. माझ्या मते पायथनचा निर्णय योग्य होता. सर्वांना सामावून घेणारी व्याख्या शोधत बसण्यापेक्षा ज्याची गरज निर्विवाद आहे तेवढेच आधी घ्यावे.

पायरी २: ग्राफ म्हणजे काय, हे ठरवा

संपूर्ण कामाचा कस इथे लागतो. टार्जनचा अल्गोरिदम १९७२ पासून ज्ञात आहे, डायक्स्ट्राचा (कमीत कमी वजनाचा मार्ग शोधणारा) १९५९ पासून. ते लिहिणे हे दोन दिवसांचे काम आहे. वापरणाऱ्याकडे असलेला डेटा आपल्या फंक्शनपर्यंत कोणत्या रूपात पोहोचावा, हा प्रश्न मात्र कठीण आहे.

पहिला पर्याय म्हणजे लायब्ररीने स्वतःचा ग्राफ टाइप द्यावा आणि वापरणाऱ्याने त्यात नोड व एज भरावेत. हा पर्याय सुरुवातीला आकर्षक वाटतो, पण ज्यांच्याकडे ग्राफ आधीच दुसऱ्या रूपात आहे त्यांना सगळा डेटा पुन्हा उतरवून घ्यावा लागतो, आणि वरच्या यादीतील बहुतेक सर्व जण याच वर्गात मोडतात. दुसरा पर्याय म्हणजे नोडकडून मेथडची अपेक्षा करणारा इंटरफेस. गोच्या टाइप पॅरामीटरच्या मूळ प्रस्तावात नेमके हेच उदाहरण दिले होते: नोडला आपल्या एज सांगता याव्यात आणि एजला आपली दोन टोके सांगता यावीत, अशा एकमेकांवर अवलंबून असलेल्या दोन कन्स्ट्रेंट (टाइपवरच्या अटी) तिथे आहेत. भाषेची ताकद दाखवण्यासाठी ते उदाहरण चांगले आहे. परंतु स्ट्रिंगला किंवा दुसऱ्या पॅकेजातल्या टाइपला आपण मेथड जोडू शकत नाही, त्यामुळे प्रत्येक वेळी वेगळा टाइप तयार करून त्यात मूळ मूल्य गुंडाळावे लागते.

तिसरा पर्याय मला सर्वांत योग्य वाटतो: अल्गोरिदमने केवळ एक फंक्शन मागावे, जे एक नोड घेते आणि त्याच्या पुढच्या नोडांचा इटरेटर परत देते. ज्याचा ग्राफ मॅपमध्ये आहे तो एका ओळीचे क्लोजर (जागीच लिहिलेले फंक्शन) लिहितो. ज्याचा ग्राफ पॉइंटरांनी जोडलेल्या स्ट्रक्टमध्ये आहे तोही एकाच ओळीत काम भागवतो. आणि ज्याचा ग्राफ मेमरीत अस्तित्वातच नाही, उदाहरणार्थ एखाद्या कोड्याच्या स्थितींचा, जिथे पुढच्या स्थिती गणित करूनच कळतात, त्यालाही तेच फंक्शन पुरते. संपूर्ण ग्राफवर चालणाऱ्या अल्गोरिदमला याशिवाय सुरुवातीच्या नोडांचा एक इटरेटर लागेल. यापेक्षा अधिक काहीही मागू नये.

मागचे नोड सांगणारे दुसरे फंक्शन मागण्याचा मोह या टप्प्यावर होतो. कोसाराजूच्या पद्धतीला उलटा ग्राफ लागतो, टार्जनच्या पद्धतीला लागत नाही. दोन्हींना लागणारा वेळ नोड आणि एज यांच्या बेरजेच्या प्रमाणात असतो, पण वापरणाऱ्याकडून कमी मागण्याच्या दृष्टीने टार्जनचीच निवड होते. अल्गोरिदमची निवड केवळ वेगावर न करता तो वापरणाऱ्याकडून काय मागतो यावरही करावी, हे तत्त्व या संपूर्ण पॅकेजभर पाळावे.

दिशा नसलेल्या ग्राफसाठी वेगळा टाइप देऊ नये. फंक्शन दोन्ही बाजूंचे शेजारी परत देत असेल तर तो ग्राफ दिशाहीनच ठरतो, एवढे दस्तऐवजात लिहिणे पुरेसे आहे. एकाच जोडीमध्ये अनेक एज असणे आणि नोडची स्वतःकडेच परतणारी एज असणे या दोन्ही गोष्टी वैध मानाव्यात.

पायरी ३: नोडची ओळख कशी पटवायची, ते ठरवा

एखादा नोड आधी भेटला होता का, हे प्रत्येक अल्गोरिदमला कळावे लागते. त्यासाठी नोडचा टाइप मॅपची की होऊ शकेल असा, म्हणजे कंपेरेबल, असावा ही अट घालावी. स्लाइस असलेले स्ट्रक्ट यामुळे बाद होतात. त्यांच्यासाठी पॉइंटर किंवा अनुक्रमांक हा नोड म्हणून वापरावा.

या अटीत दोन खाचखळगे आहेत आणि दोन्ही दस्तऐवजात नोंदवायला हवेत. फ्लोटिंग पॉइंटमधील एनएएन ('संख्या नाही') हे मूल्य स्वतःशीही समान नसते, त्यामुळे मॅपमध्ये ठेवलेले एनएएन पुन्हा सापडत नाही. एनएएन असलेला नोड चक्रात आला तर तो दर वेळी नवाच समजला जाईल आणि भ्रमण कधीच संपणार नाही. दुसरे असे, की १.२० या आवृत्तीपासून सर्वसाधारण इंटरफेस टाइपही कंपेरेबलची अट पूर्ण करतात, पण त्यांच्या आत तुलना न होणारे मूल्य असेल तर प्रोग्राम चालताना पॅनिक (सावरले नाही तर प्रोग्राम बंद पाडणारी चूक) होते. लायब्ररीने या दोन्हींसाठी जास्तीची तपासणी करू नये, कारण त्याची किंमत प्रत्येक नोडला मोजावी लागेल.

आतल्या अंमलबजावणीत मात्र मॅपचा वापर कमीत कमी ठेवावा. भेटलेल्या प्रत्येक नोडला शून्यापासून क्रमांक द्यावा, क्रमांकावरून नोड सांगणारी एक स्लाइस ठेवावी, आणि त्यानंतरचा सर्व हिशेब पूर्णांकांवरच करावा. सर्व एज एकाच सलग स्लाइसमध्ये ओळीने ठेवून प्रत्येक नोडच्या एज कुठून सुरू होतात याची दुसरी स्लाइस ठेवली, तर १० लाख नोड आणि ५० लाख एज असलेल्या ग्राफची रचना ३२ बिटांच्या क्रमांकांनी एजसाठी २० एमबी आणि सुरुवातीच्या स्थानांसाठी सुमारे ४ एमबी एवढ्यात मावते. नोडवरून क्रमांक सांगणारा मॅप यावर अधिक असतो, आणि मेमरीचा मोठा वाटा सहसा तोच घेतो.

पायरी ४: इटरेटर आणि स्टॅक यांचा मेळ घाला

अनुभवी प्रोग्रामरही जिथे अडतो असा हा भाग असल्यामुळे इथे थोडे थांबून पाहू. गोचा इटरेटर ढकलणाऱ्या प्रकारचा आहे: तो आपल्याकडची मूल्ये एकामागून एक आपल्या यील्ड फंक्शनला देत जातो, आणि आपण फॉल्स परत केले की थांबतो. ब्रेड्थ-फर्स्ट शोधासाठी हे सोयीचे आहे, कारण रांगेतून नोड काढल्यावर त्याचे सर्व शेजारी एका दमात पाहायचे असतात. डेप्थ-फर्स्ट शोधात मात्र एका शेजाऱ्याकडे खोलवर जाऊन परत आल्यावर त्याच नोडच्या पुढच्या शेजाऱ्याकडे वळायचे असते. म्हणजे इटरेटर अर्ध्यावर थांबवून ठेवावा लागतो.

यावर तीन उपाय आहेत. रिकर्शन वापरले तर रेंज लूप अर्ध्यावर असतानाच पुढचा कॉल होतो आणि भाषाच सगळे सांभाळते. गोमध्ये हा उपाय इतर भाषांपेक्षा अधिक सुरक्षित आहे, कारण गोरुटीनचा (गोमधील हलक्या समांतर कामाचा) स्टॅक गरजेनुसार वाढतो आणि ६४ बिट यंत्रांवर त्याची कमाल मर्यादा मुळात १ जीबी असते. परंतु ती मर्यादा ओलांडली तर होणारी चूक रिकव्हर करून सावरता येत नाही, संपूर्ण प्रोसेस बंद पडते. बाहेरून आलेल्या डेटावर चालणाऱ्या सर्व्हरसाठी हा धोका स्टँडर्ड लायब्ररीने पत्करू नये. दुसरा उपाय म्हणजे आयटर पॅकेजातील पुल या फंक्शनने प्रत्येक इटरेटर खेचणाऱ्या प्रकारात बदलणे. ते बरोबर चालते, पण स्टॅकवरील प्रत्येक पातळीमागे एक कोरुटीन (अर्ध्यावर थांबवून पुन्हा चालू करता येणारे काम) जिवंत राहते आणि प्रत्येकाला आठवणीने थांबवावे लागते. तिसरा उपाय म्हणजे नोडवर प्रथम पोहोचताच त्याचे सर्व शेजारी पूर्ण वाचून वर सांगितलेल्या सलग स्लाइसमध्ये क्रमांकांच्या रूपात उतरवून घेणे. त्यानंतर स्टॅकच्या प्रत्येक पातळीवर केवळ "कितव्या एजपर्यंत आलो" एवढा एक पूर्णांक पुरतो.

माझी शिफारस तिसऱ्या उपायाची आहे. यामुळे प्रत्येक नोडसाठी वापरणाऱ्याचे फंक्शन नेमके एकदाच बोलावले जाते, आणि हे आश्वासन करारात लिहिता येते. ज्यांचे शेजारी डेटाबेसमधून किंवा डिस्कवरून येतात त्यांच्यासाठी या आश्वासनाचे मोल फार आहे.

पायरी ५: अल्गोरिदमची यादी लहान ठेवा

पहिल्या आवृत्तीत ब्रेड्थ-फर्स्ट भ्रमण, डेप्थ-फर्स्टचे प्रीऑर्डर आणि पोस्टऑर्डर (नोड त्याच्या पुढच्या नोडांच्या आधी किंवा नंतर देणारे क्रम), दोन नोडांमधला सर्वांत कमी एजचा मार्ग, टोपोलॉजिकल क्रम, स्ट्राँगली कनेक्टेड कंपोनंट (एकमेकांपर्यंत पोहोचू शकणाऱ्या नोडांचे गट) आणि ऋण नसलेल्या वजनांसाठी डायक्स्ट्रा एवढेच असावे. डॉमिनेटर ट्री महत्त्वाची असली तरी तिचे ग्राहक प्रामुख्याने कंपायलर लिहिणारे आहेत, आणि त्यांना आपल्या रचनेला घट्ट बांधलेली, वेगवान आवृत्तीच हवी असते. कमाल प्रवाह, जोड्या लावणे, रंग भरणे हे विषय बाहेरच्या पॅकेजांकडे ठेवावेत. डायक्स्ट्राबद्दलही माझ्या मनात शंका आहे, कारण पायरी १ मधील यादी त्याच्या बाजूने फारशी बोलत नाही; मात्र लोक सर्वप्रथम तेच शोधत येतील आणि ते चुकीचे लिहिणे सोपे आहे, म्हणून ते घ्यावे.

पायरी ६: प्रत्येक फंक्शनचा करार शब्दांत लिहा

भ्रमणाची फंक्शने इटरेटर परत देतील. बूस्टमध्ये यासाठी व्हिजिटर असतो: नोड सापडला, एज तपासली, मागे जाणारी एज दिसली अशा अनेक प्रसंगांसाठी वापरणाऱ्याने वेगवेगळ्या मेथड पुरवायच्या असतात. गोमध्ये रेंज लूपच्या आत सरळ कोड लिहिता येतो आणि हवे ते सापडले की ब्रेक करता येते, त्यामुळे बहुतांश गरज तिथेच भागते. ब्रेड्थ-फर्स्ट भ्रमण आळशी असावे, म्हणजे नोड मागितला जाईपर्यंत पुढचे शेजारी विचारू नयेत; तसे केले तरच अमर्याद ग्राफवरही ते वापरता येईल. पोस्टऑर्डर आणि कंपोनंट यांना मर्यादित ग्राफच लागतो, हे स्पष्ट नोंदवावे.

टोपोलॉजिकल क्रमाबाबत सर्वाधिक गोंधळ दिशेवरून होतो. "अ पासून ब कडे एज" याचा अर्थ अ आधी यावा असा, की अ हा ब वर अवलंबून आहे, म्हणजे ब आधी यावा असा? पायथनच्या ग्राफलिबमध्ये प्रत्येक नोडसमोर त्याच्या आधी येणारे नोड द्यायचे असतात, आणि एजच्या नेहमीच्या दिशेची सवय असलेला माणूस तिथे हमखास अडखळतो. दस्तऐवजात अमूर्त वाक्यांवर विसंबू नये. पॅकेज आणि त्याने इम्पोर्ट केलेली पॅकेजे असे ठोस उदाहरण द्यावे आणि त्याचे अपेक्षित उत्तर चालवता येणाऱ्या एक्झाम्पल फंक्शनमध्ये लिहावे, म्हणजे ते प्रत्येक चाचणीच्या वेळी तपासलेही जाईल. चक्र सापडल्यास केवळ "चक्र आहे" एवढी एरर देऊ नये. ग्राफलिबच्या एररमध्ये चक्रातील नोड क्रमाने मिळतात आणि पहिला व शेवटचा नोड एकच असतो. हे रूप जसेच्या तसे घेण्यासारखे आहे, कारण ज्याच्या कॉन्फिगरेशन फाइलमध्ये चक्र झाले आहे त्याला ते नेमके कुठे आहे हेच जाणून घ्यायचे असते.

कंपोनंटच्या बाबतीत टार्जनच्या अल्गोरिदमचा एक गुण करारात आणावा: तो गट उलट्या टोपोलॉजिकल क्रमाने देतो, म्हणजे ज्या गटावर इतर अवलंबून आहेत तो आधी येतो. कंपायलरला खालून वर विश्लेषण करताना हाच क्रम हवा असतो. मात्र एकच नोड असलेला गट आला, तर त्या नोडची स्वतःकडे एज आहे की नाही हे गटावरून कळत नाही. कंपायलरच्या आतील फंक्शन याच कारणासाठी गटासोबत "रिकर्सिव्ह आहे का" असे बुलियन देते. आपल्या पॅकेजातही गटासोबत तशी खूण द्यावी असे मला वाटते, कारण शेजाऱ्यांची यादी आपल्याकडे आधीच असते आणि ती खूण जवळजवळ फुकट मिळते.

डायक्स्ट्रामध्ये वजनाचा टाइप हा पूर्णांक किंवा फ्लोट असा टाइप पॅरामीटर ठेवावा. सीएमपी पॅकेजातील ऑर्डर्ड ही कन्स्ट्रेंट इथे घेऊ नये, कारण तिच्यात स्ट्रिंगही येते, आणि स्ट्रिंगची बेरीजही गोमध्ये होते. त्यामुळे निरर्थक कोड विनातक्रार कंपाइल होईल. अनंत अंतर दाखवण्यासाठी एखादे मोठे मूल्य राखून ठेवू नये, पोहोचता न येणारा नोड उत्तरात नसावाच. वजन ऋण आहे का हे तपासताना "शून्यापेक्षा लहान आहे का" असे विचारले तर एनएएन निसटते. "शून्याइतके किंवा मोठे नाही का" असे विचारले तर दोन्ही पकडले जातात. पूर्णांकांची बेरीज मर्यादेबाहेर गेली तर गोमध्ये ती गुंडाळली जाते, म्हणून एजचे वजन मिळवल्यावर आलेले अंतर त्या एजच्या सुरुवातीच्या नोडच्या अंतरापेक्षा लहान निघाले की एरर परत करावी. ही तपासणी एका तुलनेची आहे आणि चुकीचा मार्ग गुपचूप देण्यापेक्षा कितीतरी बरी. वजने बहुधा बाहेरच्या डेटातून येतात, त्यामुळे इथे पॅनिक नको.

पायरी ७: उत्तर दर वेळी तेच यावे

गोमध्ये मॅपवर फिरण्याचा क्रम जाणीवपूर्वक यादृच्छिक ठेवलेला आहे. आपल्या पॅकेजाने आतल्या कोणत्याही निर्णयासाठी मॅपवर फिरू नये. सुरुवातीचे नोड आणि शेजारी ज्या क्रमाने मिळाले त्यावरूनच उत्तर ठरेल, असे लेखी आश्वासन द्यावे. शेजारी मॅपमधून येत असतील तर त्यांची क्रमवारी लावणे ही वापरणाऱ्याची जबाबदारी राहील, आणि तेही दस्तऐवजात नोंदवावे. कंपायलरसारख्या साधनाने त्याच सोर्सपासून दर वेळी तीच बायनरी तयार करणे अपेक्षित असते. क्रमाची हमी नसेल तर ते या पॅकेजाला हातही लावणार नाहीत.

पायरी ८: चाचण्या

हाताने काढलेले पाच-सहा ग्राफ आवश्यक आहेत, पण पुरेसे नाहीत. लहान ग्राफवर साधा आणि संथ पर्याय चालवून उत्तरे ताडून पाहावीत: दोन नोड एकाच कंपोनंटमध्ये असणे म्हणजे दोघेही एकमेकांपर्यंत पोहोचू शकणे, आणि पोहोच तर वॉर्शलच्या तीन लूपच्या पद्धतीने काढता येते. टोपोलॉजिकल क्रमाची परीक्षा प्रत्येक एज घेऊन तिच्या दोन टोकांची स्थाने पाहिली की होते. डायक्स्ट्राचे उत्तर बेलमन-फोर्डशी जुळले पाहिजे. चार नोडांवरचे स्वतःकडे परतणाऱ्या एजसह सर्व संभाव्य ग्राफ ६५,५३६ होतात, म्हणजे ते एकेक करून तपासणेही सहज शक्य आहे, आणि कडेच्या बहुतेक स्थिती त्यात येऊन जातात. मोठ्या आकारांसाठी १.१८ पासून उपलब्ध असलेले फझिंग (आपोआप तयार केलेल्या इनपुटांवर चाचणी) वापरावे. बाइटच्या जोड्या म्हणजे एज असे धरले की कोणतेही इनपुट वैध ग्राफ बनते. यासोबत १० लाख नोडांची सरळ साखळी हा एक वेगळा टेस्ट ठेवावा, जेणेकरून पुढे कोणी रिकर्शन परत आणले तर स्टॅकवरचा ताण उघड होईल. वापरणाऱ्याने लूप मध्येच ब्रेक केला, तर त्यानंतर आपण यील्ड पुन्हा बोलावत नाही, याचाही टेस्ट हवाच.

पायरी ९: वेग मोजा

गोचा कंपायलर जेनेरिक फंक्शनची प्रत प्रत्येक टाइपसाठी बनवत नाही. ज्यांचा पायाभूत टाइप एकच आहे अशा टाइपांना, आणि सर्व पॉइंटरांनाही, एकच प्रत दिली जाते आणि वेगळी माहिती डिक्शनरीतून पुरवली जाते. त्यामुळे टाइप पॅरामीटरवरील मेथड कॉल अप्रत्यक्ष होतात आणि इनलाइन होत नाहीत. क्रमांक देण्याचे काम संपल्यावर मुख्य लूप साध्या पूर्णांकांवर चालवण्याचा हाही एक लाभ आहे, कारण तो भाग जेनेरिक असण्याची गरजच उरत नाही. डायक्स्ट्रासाठी कंटेनर/हीप (सर्वांत लहान घटक आधी देणारी रचना) वापरू नये; त्यातील पुश आणि पॉप एनी टाइपची मूल्ये घेतात, त्यामुळे प्रत्येक घटकामागे मेमरी वाटप होण्याची शक्यता असते. आत एक छोटा जेनेरिक हीप लिहावा आणि अंतर कमी झाल्यास जुनी नोंद न बदलता नवी टाकावी. जुनी नोंद बाहेर आली की ती दुर्लक्षित करावी. हीपमध्ये एजच्या संख्येइतक्या नोंदी होऊ शकतात, परंतु कोड लहान आणि तपासण्यास सोपा राहतो. मोजमाप बेंचस्टॅटने (वेगाचे आकडे ताडून पाहणाऱ्या साधनाने) तुलना करूनच मांडावे, आणि तुलना पायरी १ मधील एखाद्या हाताने लिहिलेल्या प्रतीशी असावी.

पायरी १०: प्रस्तावाची वाट

गोमध्ये नव्या एपीआयसाठी आधी इश्यू उघडून प्रस्ताव मांडावा लागतो. प्रस्तावावर चर्चा होते, आढावा घेणारा गट तो सक्रिय यादीत घेतो, मग "स्वीकाराची शक्यता" किंवा "नकाराची शक्यता" असे जाहीर होते आणि हरकतींसाठी वेळ देऊन अंतिम निर्णय होतो. प्रस्तावात फंक्शनांच्या सिग्नेचर, प्रत्येकाचा करार आणि पायरी १ ची यादी एवढे असले की चर्चा नेमकी होते. थेट स्टँडर्ड लायब्ररीचा आग्रह धरू नये. स्लायसेस आणि मॅप्स दोन्ही आधी एक्स/एक्स्प या प्रायोगिक ठिकाणी होती, आणि तिथे राहिल्यामुळे त्यांच्या सिग्नेचर बदलण्याची मुभा मिळाली. ग्राफसाठी तर हा टप्पा अटळच समजावा.

स्वीकृतीनंतर कोड गेरिटवर (गोच्या कोड-तपासणीच्या संकेतस्थळावर) तपासणीसाठी पाठवताना काही गोष्टी विसरू नयेत. नवीन एपीआयची प्रत्येक ओळ एपीआय/नेक्स्ट या डिरेक्टरीत इश्यू क्रमांकाच्या फाइलमध्ये नोंदवावी लागते. रिलीज नोटचा मजकूर डॉक/नेक्स्टमध्ये जातो. स्टँडर्ड लायब्ररीतील कोणते पॅकेज कोणाला इम्पोर्ट करू शकते याचे नियम गो/बिल्डच्या एका चाचणीत लिहिलेले आहेत आणि नवे पॅकेज तिथे योग्य पातळीवर बसवावे लागते; ती चाचणी इंटर्नल/डॅगच्याच आधारे चालते. आपले पॅकेज खालच्या पातळीवर राहावे म्हणून एफएमटीसारखी जड पॅकेजे इम्पोर्ट करणे टाळावे. एररचा मजकूर बनवण्याच्या नादात ती चटकन आत येतात.

यानंतर जुन्या प्रती काढून टाकण्याचे काम उरते, आणि त्याला एक क्रम आहे. डायग्राफ कमांड आणि एक्स/टूल्सचा कॉल-ग्राफ यांपासून सुरुवात करावी, कारण तिथे चूक झाली तरी ती मर्यादित राहते. मात्र एक्स/टूल्स जुन्या गो आवृत्त्यांवरही चालावे लागते, म्हणून नवे पॅकेज आलेली आवृत्ती त्याच्या किमान आवृत्तीत बसेपर्यंत थांबावे लागेल. कंपायलरची पाळी सर्वांत शेवटी येते. गोचा कंपायलर आधीच्या गो आवृत्तीने बांधला जातो, उदाहरणार्थ १.२४ बांधण्यासाठी किमान १.२२ लागते, आणि त्या जुन्या आवृत्तीत आपले पॅकेज असणार नाही. तेव्हा एक तर सीएमडी/डिस्टमधील बूटस्ट्रॅपच्या यादीत पॅकेजाची भर घालून त्याची प्रत सोबत बांधून घ्यावी, आणि त्यासाठी पॅकेजाचा कोड जुन्या आवृत्तीच्या भाषेतच लिहिलेला असावा, किंवा दोन-तीन आवृत्त्या उलटेपर्यंत कंपायलरमधील टार्जनची प्रत तशीच राहू द्यावी.